कांद्याच्या भावात सरकारनं पडावं का? पडलंच तर कधी?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही चिडून.

रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "२०२३ ला निर्यातबंदी केली म्हणून कांदा शंभरावर गेला नाही. सरकारनं काही चांगलं केलं की तुम्हा लोकांना पचत नाही." 'तुम्हा लोकांना' म्हणजे मला. मी निफाड तालुक्यातला, म्हणजे नाशिकच्या कांदापट्ट्यातला, हे त्यांना ठाऊक आहे. तिथं उत्तर दिलं नाही, त्यांची गाडी माझ्या शेजारी लागते. म्हणून इथं लिहितोय.

भाऊ शेती बघतो, मी हिंजवडीत. त्या डिसेंबरात आमच्याकडं काय झालं ते सांगतो. ७ तारीख, गुरुवार. शेजारच्या वस्तीवरल्या काकांचा लाल कांदा ३,८०० रुपये क्विंटलनं गेला. भावानं त्याच संध्याकाळी ट्रॉली भरली, पंचवीस क्विंटल, वर ताडपत्री. सकाळी उठतो तर निर्यातबंदी. लिलाव बंद पडले, चांदवडला हायवे अडवला. लाल कांदा म्हणजे काही टिकाऊ 'उन्हाळ' कांदा नाही की टाका चाळीत (साठवणीच्या जाळीदार शेडात) आणि बसा वाट बघत. पुढच्या आठवड्यात लिलाव सुरू झाले तोवर ट्रॉलीतल्या मधल्या थरात हात घातला की ऊब लागत होती. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली १,९५० नं. सेहेचाळीस हजार रुपये कमी. पाऊस नाही, रोग नाही, एक कागद निघाला फक्त.

तर प्रश्न असा: सरकारनं बाजारात हात घालूच नये, की घालायची काही बरी पद्धत आहे? 'सरकार चोर, व्यापारी चोर' एवढंच लिहायचं असेल तर तेही चालेल, पण सोबत अनुभव लिहा.

टवाळखोर

जागा धरून ठेवतो. कांदाभजी तळायला टाकलीत.

मोरपंखी

भावाच्या नुकसानीचं वाईट वाटलं, मनापासून. पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितेय.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी सात माणसं. आठवड्याला चार किलो कांदा लागतो, कारण भाजी नसली तरी कांदा-भाकरी होते. कांदा वीसचा साठ झाला की त्यांचे आठवड्याला १६० रुपये जास्त जातात. मला तो फरक पिझ्झ्यात निघतो, त्यांना नाही. त्यामुळे 'सरकारने अजिबात पडू नये' हे वाक्य पोट भरलेल्यांचं वाटतं.

मात्र एक कबूल करते. त्याच डिसेंबरात तुमच्याकडे भाव निम्म्यावर आला तेव्हा ठाण्यात आमच्या भाजीवाल्याने साठचे पन्नास केले, तेही दहा दिवसांनी. 'का रे बाबा?' तर म्हणे 'ताई, हा जुना माल आहे'. वर जाताना कधी जुना माल नसतो त्याच्याकडे.

पेठी_पुणेकर

धागाकर्त्याने पार्किंगचा प्रश्न आधी सोडवावा. कांद्याचा १९८० पासून सुटलेला नाही.

अर्थाअर्थी

मोरपंखीताईंनी शेवटी जे लिहिलंय तिथेच गोम आहे, पण आधी थोडा मागे जातो.

कांदा वर्षातून तीनदा येतो: खरिपाचा पोळ, मग रांगडा (हे दोन्ही लाल), मग मार्च-एप्रिलपासून उन्हाळ. टिकतो तो फक्त उन्हाळ. देश जून ते ऑक्टोबर त्याच्यावरच काढतो. चाळीत सड, कोंब, वजनातली तूट धरून चांगल्या चाळीतही चौथाई माल सहज जातो. सप्टेंबरात जास्त पाऊस झाला, पोळ कांदा लांबला, की बाजारात पोकळी. कांदा महाग झाला म्हणून आपण अर्ध्यावर येत नाही, त्यामुळे माल थोडा कमी झाला तरी भाव दुप्पट. उलट थोडा जास्त झाला की रस्त्यावर फेकायची वेळ. सरकार मध्ये पडो न पडो, हा झोका राहणारच.

आता सरकार मध्ये कधी पडतं ते बघा. सप्टेंबर २०१९ ला आधी ८५० डॉलर टनाचं किमान निर्यात मूल्य (त्याखालच्या भावानं बाहेर विकायचं नाही), मग महिना संपायच्या आत बंदी, शिवाय साठ्यावर मर्यादा. सप्टेंबर २०२० ला परत बंदी, तीही 'शेतमालाचा बाजार मुक्त केला' म्हणून तीन कृषी कायदे येत होते त्याच महिन्यात. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरात ८०० डॉलर किमान मूल्य, डिसेंबरात बंदी. ३१ मार्चपर्यंत म्हणाले आणि मुदत संपायच्या आधीच बेमुदत केली. ४ मे २०२४ ला उठवली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात २० टक्के. शून्य झालं १ एप्रिल २०२५ ला.

याच्याशेजारी फेब्रुवारी २०२३ ठेवा. बार्शीकडच्या एका शेतकऱ्याने सोलापुरात दहा पोती कांदा विकला, ५१२ किलो. हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन हातात दोन रुपयांचा धनादेश आला. तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये सानुग्रह मदत दिली, २०० क्विंटलपर्यंत, तेही अर्ज, सातबारावर पीकपेऱ्याची नोंद, पडताळणी वगैरे होऊन. म्हणजे भाव चढला की अधिसूचना रात्रीत निघते, पडला की समिती नेमतात. मला हस्तक्षेपापेक्षा या लंगडेपणाचा राग येतो. चढताना डोक्यावर छत, पडताना पायाखाली जमीन नाही.

टवाळखोर

'छत आहे, जमीन नाही' म्हणजे बिल्डरची जाहिरात झाली.

तराजू

मी व्यापारी. शिव्या खायला तयार होऊनच आलोय.

गोदाकाठ, तुमच्या काकांचा ३,८०० चा कांदा गुरुवारी माझ्यासारख्यानंच घेतला. मी त्या दिवशी दोन ट्रक भरले. बंदी आली तेव्हा एक माल बंदरावर होता, एक खळ्यावर (निवडणी-पॅकिंग करतो तिथं). बंदरात आत जमा झालेला सुटला, खळ्यावरचा अडकला. तो शेवटी २,१०० नं बिहारला काढला, वर गोण्या बदलायचा खर्च. मलेशियातल्या गिऱ्हाइकानं फोनवर विचारलं, "तुमच्याकडून घ्यायचा तर किती महिन्यांची खात्री देता?" काय सांगणार? मला उद्याची नव्हती.

लोकांना वाटतं व्यापारी साठेबाजी करतो. अहो, लाल कांद्याची साठेबाजी करून दाखवा मला, चार दिवसांत पाणी सुटतं. उन्हाळ कांदा साठवतो तो बहुतेक शेतकरीच. २०१९ ला ५०० क्विंटलची मर्यादा घातली. माझा एका दिवसाचा लिलावच त्याच्या पुढं जातो! पॅकिंग व्हायच्या आधीच मी गुन्हेगार. मग काय, खरेदीच कमी केली. खरेदी कमी म्हणजे भाव कोणाचा पडला?

चाळीतला_कांदा

तराजूभाऊ, बरोबर बोलले, पण अर्धंच. १९ ऑगस्ट २०२३ ला शुल्क लागलं तेव्हा लिलाव बंद कोणी केले? व्यापाऱ्यांनी. परत सप्टेंबरात बंद. माझी चाळ सटाण्याकडं. बाहेरून सुतळीनं बांधलेली जाळी, आत दीडशे क्विंटल, आणि रोज सकाळी वास घेऊन सांगता येत होतं कुठल्या कप्प्यात पाणी सुटलंय. सरकारशी भांडण तुमचं, सडतो कांदा आमचा. मुक्त बाजार म्हणता तर लिलावाला पाचपन्नास जण पाहिजेत. आमच्याकडं बोली लावणारे मोजून सात, त्यातले तिघं एकाच घरातले. पहिला बोलला की बाकीचे पुढच्या ट्रॅक्टरकडं चालायला लागतात.

आता नाफेडचं, सरकारसाठी खरेदी करणाऱ्या संस्थेचं, ऐका. त्याच ऑगस्टात जाहीर झालं, २,४१० नं दोन लाख टन घेणार. टीव्हीवर पाहून आई म्हणाली, चला सुटलो. गेलो तर कळलं, ४५ मिलिमीटरच्या वरचाच, रंग टिकलेला, पत्ती (वरचं साल) न सुटलेला. ऑगस्टात चाळीतून निघणारा कांदा असा असतो का? एप्रिलात असतो. शंभर क्विंटलमधले चाळीस बसले. गोल्टी (बारीक कांदा) आणि उरलेला शेवटी बाजार समितीतच. पैसे आले दीड महिन्यानं. नाही आले असं म्हणणार नाही.

तराजू

तीन जण एका घरातले हे खरंय. आमच्या घरातलेही दोघं आहेत. 🙏

मोरपंखी

तराजू, या एका ओळीसाठी तुम्हाला भजीची प्लेट.

दिल्लीतली_मराठी

१९९८ ची दिवाळी आठवली. तेव्हा आम्ही लक्ष्मीनगरला राहायचो. कांदा चाळीसच्या पुढे गेला, आणि तेव्हाचे चाळीस म्हणजे काय ते ज्यांनी पगार मोजलेत त्यांना विचारा. ढाब्यावर कांद्याची चकती मागितली तर पोऱ्या हसायचा आणि मुळा आणून ठेवायचा. साहिबसिंह वर्मांना हटवून सुषमा स्वराजांना आणलं, तरी नोव्हेंबरात दिल्ली गेलीच. तेव्हापासून कुठलंही सरकार असो, कांदा पन्नास झाला की दिल्लीत धावाधाव सुरू होते. २०२३ ला आमच्या गल्लीत गाडी यायची २५ रुपये किलोची, दोन किलोच्या वर द्यायचे नाहीत. मी रांगेत उभी राहिले. शेजारीण चारचाकीतून उतरून रांगेत उभी राहिली. मावशींसारख्या बायका त्या वेळी दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत होत्या.

पेठी_पुणेकर

दिल्लीत सत्ता जाते आणि दिंडोरीसारख्या कांदापट्ट्यात नाही, असं समजून चालले होते. २०२४ ला दिंडोरीत केंद्रीय मंत्री पडल्या, नाशिकही गेलं. आता दोन्हीकडून रडवतो कांदा.

मंडळ_संपादक

पक्षीय प्रतिसाद आणखी येणार असतील तर त्यासाठी वेगळा धागा आहे. इथे कांद्यावर आणि बाजारावर बोलूया.

गिरगावकर

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. भाव गोठवला की काय होतं ते आमच्या चाळीत या, दाखवतो. (माणसांच्या चाळीत.)

आजोबांनी पागडी (एकरकमी पैसे) देऊन भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडं १९४० च्या पातळीवर गोठवलं. युद्धानंतर, फाळणीनंतर मुंबईत माणसं ओतत होती, तेव्हा ते गरजेचं होतं यात शंका नाही. नाहीतर आजोबा रस्त्यावर असते. पण तात्पुरता कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला. १९९९ चा नवीन कायदा आला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ. मी आज सगळं मिळून महिन्याला जे भाडं भरतो त्यात चौघांचा वडापाव-चहा होणार नाही. मालक छपराला हात लावत नाही. का लावेल? जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय द्यायचा नाही हे माझ्या मुलाला चालायला लागल्यापासून माहीत आहे. आणि तरीही मी खोली सोडत नाही, कारण पागडीच्या बाजारात तिची किंमत लाखांत आहे. म्हणजे भाव गोठला नव्हताच, दुसऱ्या दाराने आत आला.

सातासमुद्रापार

गिरगावकर +१. आमच्याकडे (न्यू जर्सी) जुने लोक १९७१ चं सांगतात. निक्सनने ऑगस्टात ९० दिवसांसाठी सगळ्या किमती आणि पगार गोठवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुढच्या वर्षी निवडूनही आला. मग १९७३ ला खाद्य महाग आणि कोंबडीचा भाव बांधलेला, म्हणून कुक्कुटपालकांनी हजारो पिल्लं बुडवून मारली आणि ते टीव्हीवर दिसलं. तोही स्वतःला मुक्त बाजारवालाच म्हणवायचा.

टवाळखोर

कांदा, चाळ, कोंबडी. रस्सा होत आलाय, वाटण कोण आणतंय?

लातूरची_सोयाबीन

वाटणाला तेल लागतं ना? मग आमचं ऐका.

२०१५ ला तूरडाळ २०० रुपये झाली. सगळे म्हणाले तूर लावा, मोझांबिकशी डाळीचा करार केला, साठ्यावर मर्यादा आल्या. पुढच्या वर्षी आम्ही तूर लावली. पाऊस झाला, पिकली बी भरमसाट. हमीभाव ५,०५०, बाजारात चार हजाराच्या आसपास. खरेदी केंद्रावर गेलो तर बारदाना नाही. तूर आहे, काटा आहे, माणूस आहे, पोतं नाही! ट्रॅक्टरखाली झोपून पाच रात्री काढल्या माझ्या वडलांनी. आणि त्या सगळ्या काळात डाळीची निर्यात बंद, २००६ पासून. आपण जास्त पिकवली तरी बाहेर विकता येईना. ती उठली २०१७ ला, आमची तूर विकून झाल्यावर.

सोयाबीनचे वायदे (पुढल्या महिन्यांच्या भावाचे सौदे) डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं, म्हणजे बाजार नियंत्रकानं, थांबवले, वर्षासाठी म्हणून. मग वाढवत गेले. वायदा म्हणजे सट्टा असं आमदारापासून सगळे म्हणतात. पण माझ्या मोबाईलवर पुढल्या महिन्याचा भाव दिसायचा, त्यावर ठरवायचो, आज काढायचं का ठेवायचं. आता आडत्याला विचारतो. त्याला जे परवडतं ते तो सांगतो.

तेलाच्या आयातीवरचं शुल्क सप्टेंबर २०२४ ला वाढवलं ते आमच्या बाजूनं होतं, हेबी सांगते. तरी सोयाबीन ४,८९२ च्या हमीभावाखालीच राहिलं. मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं परत निम्म्यानं उतरवलं.

अर्थाअर्थी

लातूरताईंचा प्रतिसाद धाग्याचा कणा आहे. वायदेबंदीचं एवढं सोपं वर्णन मी वर्गात कधी केलं नाही.

एक आकडा टाकतो. ग्राहकाने कांद्याला दिलेल्या रुपयातले शेतकऱ्याला साधारण ३६ पैसे मिळतात, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासात होतं. उरलेले ६४ म्हणजे सगळी लूट नव्हे. हमाली, गाडीभाडं, नासधूस, दुकानाचं भाडं सगळं त्यात आलं. पण म्हणूनच बंदीचा घाव शेतात पूर्ण बसतो आणि ठाण्यात दहा रुपयांची फुंकर पोचते.

दुबईकर_काकू

बंदी असताना इथे सुपरमार्केटात आपला कांदा गायब. पाकिस्तानचा आला, इजिप्तचा आला, तुर्कीचा आला. सुरुवातीला नाकं मुरडली, 'याला चवच नाही'. दोन महिन्यांनी त्याचीच सवय झाली. आमचा केरळी दुकानदार म्हणाला, "काकी, इंडियन आता येतो, पण मी दोन्ही ठेवणार. परत बंद झाला तर?" परवा बघितलं, आपला कांदा खालच्या खोक्यात होता.

तराजू

काकू, हेच मी सकाळपासून सांगतोय. शुल्क शून्य झालं तरी भाव उठला नाही, याचं एक कारण तुमच्या त्या दुकानातलं खालचं खोकं. बांगलादेशनं तर स्वतःचाच पेरा वाढवला.

आणि बंदीतही कांदा जात होताच की. २०२४ च्या मार्चला बांगलादेश आणि अमिरातीला ६४,४०० टन सोडला, पण सहकारी निर्यात कंपनीमार्फत. एप्रिलात गुजरातचा पांढरा २,००० टन सोडला. आमच्याकडं बोंब झाली, मग दोन दिवसांत पत्रक आलं की तसा ९९ हजार टनांना परवाना आहेच.

टवाळखोर

कांद्यातही वर्णभेद.

चाळीतला_कांदा

मी बंदीच्या विरोधात, तरी एक सांगतो. सरकार गेलं निघून आणि सगळं बाजारावर सोडलं तर उद्या मला त्या सात बोलीवाल्यांच्या हवाली केल्यासारखं होईल. २०१६ ला फळं-भाजीपाला बाजार समितीच्या ताब्यातून मोकळा केला, आडत (दलाली) शेतकऱ्याकडून काढून माल घेणाऱ्यावर टाकली. तोही सरकारचा हातच, पण माझ्या पट्टीतली एक ओळ कमी झाली त्यानं. किती खुश झालो होतो! मला पाहिजे ते एवढंच: पेरायच्या आधी सांगा. ऑगस्टात रोप टाकतो तेव्हा सांगा की अमक्या भावाच्या वर गेला तर शुल्क लावू, अमक्याच्या खाली आला तर घेऊ, आणि मध्ये हात लावणार नाही. मग मी ठरवीन. रोप टाकताना एक कायदा, काढताना दुसरा, हे नको.

मोरपंखी

याला माझाही पाठिंबा. आणि मावशींसाठी काय करायचं ते भावाशी जोडू नका ना. त्यांच्या खात्यात त्या तीन महिन्यांत पाचशे रुपये टाका. मला आणि कारवाल्या शेजारणीला स्वस्त कांदा देऊन सटाण्याच्या माणसाचं का कापता?

अर्थाअर्थी

ताई, आवश्यक वस्तू कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीत (तीन कृषी कायद्यांतला एक) चाळीतला_कांदा म्हणतात तसाच आकडा लिहिला होता की हो! भाजीपाल्याचा भाव दुप्पट झाला तरच साठ्यावर मर्यादा. ऑक्टोबरात ती घातलीही. पण निर्यातबंदीला असा कुठलाच आकडा नव्हता, ती त्याआधीच लावून झाली होती. पुढे तिन्ही कायदे मागे घेतले, त्यात हेही गेलं. आकडा लिहिणं सोपं आहे. निवडणुकीच्या तोंडावर तो पाळणारा मंत्री दाखवा.

पेठी_पुणेकर

गोदाकाठ गायब आहेत. पार्किंगमध्ये काही झालं नाही ना?

गोदाकाठ

गावी होतो, रेंज नव्हती. सगळे प्रतिसाद वाचले, चाळीतला_कांदा यांचा भावाला मोठ्यानं वाचून दाखवला. तो म्हणाला, "यांचा नंबर मिळंल का?" व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

भावानं माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या पद्धतीनं दिलंय. यंदा दोन एकर लाल कांदा कमी करून मका केला. कांद्यात सरकार कधी येईल सांगता येत नाही, मक्याला इथेनॉलवाले आहेत, असं त्याचं गणित.

लातूरची_सोयाबीन

दादा, इथेनॉलचा दर कोण ठरवतं विचारा त्याला. कांद्याची बंदी आली त्याच ७ डिसेंबरला उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बी बंदी आली होती. म्हणून तर मक्याचा दर वाढवला, ७१ रुपये ८६ पैसे लिटर.

गोदाकाठ

विचारलं. म्हणाला, "माहितीये. पण मका सडत नाही."

चाळीत साठ-सत्तर क्विंटल उन्हाळ अजून आहे. शनिवारी तो पिकअप घेऊन पुण्याला येतोय, दहा किलोची गोणी २२० ला. बाणेर, औंध, कोथरूड. कुणाला हवा असेल तर खाली लिहा.

मोरपंखी

ठाण्याला नाही का येत? 😞

पेठी_पुणेकर

कोथरूड, दोन गोण्या. सुट्टे पैसे आणतो. निवडून घेता येईल का?

चाळीतला_कांदा

निवडून घेणार असाल तर नाफेडलाच द्या भो!

टवाळखोर

औंध, एक गोणी. भजीचं पीठ संपत आलंय. आणि त्या सद्गृहस्थांचीही एक लिहा, गाडीच्या बॉनेटवर ठेवा.